एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा बेस गिटारचा नाद समूहात का विरतो?

मंद्रसाधक (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली दोन वर्षे चार तारांची, बॅटरी नसलेली, दोन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणारे चुंबकीय उपकरण; सिंगल कॉइल म्हणजे एकेरी गुंडाळीचे) जॅझ प्रकारातील बेस गिटार वाजवतो. घरी एकटा वाजवत असताना तिचा नाद मला अतिशय आवडतो: खाली भरदार, वर थोडी चकाकी आणि मध्ये कानाला बोचणारे काहीही नाही. मात्र एक ड्रमवादक आणि दोन गिटारवादक यांच्यासोबत सरावाला उभा राहिलो की तोच नाद नाहीसा होतो. खोलीत काहीतरी घुमते आहे एवढे सर्वांना जाणवते, पण मी कोणता स्वर वाजवला हे कोणालाच, आणि कित्येकदा मलाही, कळत नाही. आवाज वाढवला की घुमणे वाढते. स्वर होता तिथेच राहतो.

तारा निकेलचा मुलामा असलेल्या राउंडवाउंड (वरून गोल तारेची गुंडाळी असलेल्या) आहेत आणि त्या साधारण वर्षभर बदललेल्या नाहीत. अ‍ॅम्पवर खालच्या स्वरांचा पट्टा जवळजवळ पूर्ण चढवलेला असतो, मधला निम्म्याहून खाली आणि वरचा किंचित चढवलेला. गिटारवरील दोन्ही व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे असतात. मी बोटांनीच वाजवतो आणि अंगठा पुढच्या पिकअपवर टेकवतो. नवे पिकअप बसवून घ्यावेत असा माझा विचार आहे. तत्पूर्वी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

खर्जप्रेमी

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच लिहिलेल्या एका वाक्यात आहे. ‘मध्ये कानाला बोचणारे काहीही नाही’ असे आपण म्हणता, पण समूहात बेस ऐकू येतो तो मुख्यतः त्या मधल्या पट्ट्यामुळेच.

प्रमाणित जुळणीत सर्वांत जाड तारेची, म्हणजे खालच्या ई ची, मूळ कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ असते. त्यावरची ए ची तार ५५, डी ची सुमारे ७३.४ आणि जी ची ९८ हर्ट्झला असते. माणसाचा कान ४० हर्ट्झच्या आसपास बराच मंद असतो, आणि अनेक बेस कॅबिनेटही त्या पातळीवर मूळ स्वर पूर्ण ताकदीने देत नाहीत. तरीही आपल्याला ई ऐकू येतो, कारण ८२, १२४, १६५ अशा चढत्या उपस्वरांच्या (मूळ कंपनसंख्येच्या पटींतील स्वरांच्या) रांगेवरून मेंदू पायाचा स्वर स्वतःच ताडतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही बेसची चाल ओळखता येते ती याच कारणाने. म्हणजे खालचा पट्टा चढवून आणि मधला उतरवून आपण नेमकी ती रांग झाकता, ज्यावरून श्रोता स्वर ओळखणार असतो.

एकट्याने वाजवताना ही खोट जाणवत नाही, कारण स्पर्धेला दुसरे कोणी नसते. समूहात खाली ५० ते ८० हर्ट्झच्या भागात किक ड्रम बसलेला असतो, २०० ते ३०० च्या भागात गिटारांचा जाडपणा येऊन मिसळतो आणि वरचा सारा प्रदेश झांजा व्यापतात. बेसला स्वतःची अशी जागा उरते ती साधारण ४०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान. त्यातही ७०० ते ९०० च्या भागात तारेची गुरगुर असते. एकटे असताना हा भाग नाकात बोलल्यासारखा वाटतो आणि म्हणून आपण तो कापतो. मीही कितीतरी वर्षे कापत होतो.

माझी सूचना अशी: पुढच्या सरावात अ‍ॅम्पचे सर्व नॉब मध्यावर, म्हणजे ना चढ ना उतार अशा स्थितीत ठेवून सुरुवात करावी. स्वर कळेनासा झाला तर मधला पट्टा थोडा चढवावा, आणि घुमणे वाढले तर खालचा पट्टा उतरवावा. खालचा पट्टा चढवण्याची किंमत फार असते हेही ध्यानात घ्यावे. ३ डेसिबल चढवले की अ‍ॅम्पकडून दुप्पट शक्ती मागितली जाते आणि ६ डेसिबलला चौपट. ती शक्ती जिथे ऐकू येत नाही तिथे खर्च होते आणि जिथे ऐकू यायला हवे तिथे अ‍ॅम्प दमलेला असतो.

मंद्रसाधक

सविस्तर प्रतिसादाबद्दल आभारी आहे. एक शंका आहे. सरावाच्या खोलीत एकच विशिष्ट स्वर, खालचा ई, इतरांपेक्षा खूप मोठा येतो आणि त्याच तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा (गिटारच्या मानेवरील धातूच्या पट्टीवरचा) ए अगदी दुबळा वाटतो. हा दोष गिटारचा की अ‍ॅम्पचा?

खर्जप्रेमी

बहुधा दोन्हींचा नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटरपेक्षा थोडी जास्त भरते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे ४.२ मीटरच्या जवळपास असेल, तर ती लहर भिंतींमध्ये अडकून बसते आणि नेमका ई फुगतो. आपण खोली मोजून पाहावी. अ‍ॅम्प कोपऱ्यात असेल तर तो भिंतीपासून पुढे ओढावा, कारण कोपरा खालचे सारे स्वर फुगवतो. आणि अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून आपण त्याला खेटून उभे राहत असाल, तर तो खुर्चीवर चढवावा किंवा मागे कलता ठेवावा. खालचे स्वर खोलीभर पसरतात, पण वरचे आणि मधले स्पीकर ज्या दिशेला पाहतो तिकडेच जास्त जातात. सध्या ते आपल्या गुडघ्यांना ऐकू येत असावेत.

उजवाहात

वरील सर्व मान्य करूनही मला असे वाटते की चर्चा एक पायरी पुढून सुरू झाली आहे. अ‍ॅम्प जे मिळेल ते मोठे करतो. जे मिळते ते बोट आणि तार यांच्या भेटीत ठरते. उपकरणे बदलण्यापूर्वी उजव्या हातावर एक महिना द्यावा, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेक जण तरीही आधी पिकअपच बदलतात.

तार कुठे छेडली यावर तिच्यातील उपस्वरांचे मिश्रण ठरते. तार तिच्या लांबीच्या एक चतुर्थांशावर छेडली, तर चौथा, आठवा असे चारच्या पटीतील उपस्वर जवळजवळ उठतच नाहीत, कारण त्या उपस्वरांचा स्थिर बिंदू नेमका तिथे असतो. ३४ इंची, म्हणजे ८६४ मिलिमीटर लांबीच्या मोकळ्या तारेवर ही जागा ब्रिजपासून (धडावरील घोडीपासून) सुमारे २१.६ सेंटिमीटरवर येते. तिथे नाद गोल, मऊ आणि मूळ स्वराने भरलेला असतो. जसजसे ब्रिजकडे सरकावे तसतसा मूळ स्वर पातळ होतो, उपस्वर वाढतात, तार हाताला कडक लागते आणि नाद स्पष्ट, टोकदार होतो. बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा १९६२ सालच्या जॅझ बेसवरील बोलका, गाता नाद आठवावा: फ्रेट काढून टाकलेला नेक (मान), राउंडवाउंड तारा, मागचा पिकअप आणि त्या पिकअपजवळ चालणारी बोटे. त्यातला मोठा भाग हाताच्या जागेचा आहे.

आपला अंगठा कायम पुढच्या पिकअपवर असतो, म्हणजे आपण इक्वलायझरच्या (खालचा, मधला, वरचा पट्टा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या नॉबांच्या) एकाच स्थितीत दोन वर्षे वाजवत आहात. तो मागच्या पिकअपवर टेकवून पाहावा, आणि दोन्हींच्या मध्ये हात तरंगता ठेवूनही पाहावे.

दुसरी गोष्ट जोराची. समूहात ऐकू येत नाही म्हणून आपण नकळत जोरात छेडत असाल. जोरात छेडलेली तार फ्रेटवर आपटते, आघाताच्या क्षणी तिची बरीच शक्ती त्या खडखडाटात जाते आणि मागे उरणारा स्वर आखूड होतो. अ‍ॅम्पचा आवाज वाढवावा आणि हात हलका करावा. स्वर मोठा वाटतो, कारण त्याची आस (लांबणारा नाद) टिकते.

तिसरी गोष्ट डाव्या हाताची. बोट फ्रेटच्या अगदी मागे पडले की कमी दाबात स्वच्छ स्वर निघतो. दोन फ्रेटच्या मध्यावर पडले की जास्त दाबूनही झणझण येते. आणि न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याची सवय करावी. जी ची तार वाजवताना ई ची तार मोकळी घुमत असेल, तर तो गढूळपणा कोणताही नॉब काढू शकत नाही. नादाविषयीच्या चर्चांत याचा उल्लेख क्वचित येतो. मला मात्र स्वच्छ बेसवादन म्हणजे बऱ्याच अंशी तारा गप्प ठेवण्याची कला वाटते.

ताराबदलू

वर्षभर जुन्या राउंडवाउंड तारांवर पिकअपचा निर्णय घेऊ नये. गुंडाळीच्या खाचांत घाम आणि मळ साचतो, वरचे उपस्वर मरतात आणि तारेचे वजन लांबीभर सारखे न राहिल्याने ती फ्रेटवर नीट सुरातही राहत नाही. तारा बदलाव्यात, मग बोलावे. उकळत्या पाण्यात तारा घालून त्या ताज्या करण्याची युक्ती आपण ऐकली असेल. तिने मळ निघतो, थोडे दिवस चकाकी परत येते आणि पुन्हा जाते.

फ्लॅटवाउंडवाला

नम्रपणे असहमत आहे. बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावल्या, त्या तुटल्याशिवाय सहसा बदलल्या नाहीत, तारांखाली फोमचा तुकडा ठेवला आणि केवळ तर्जनीने वाजवले. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा एकेक स्वर वेगळा ऐकू येतो. तेव्हा ‘तार जुनी म्हणून स्वर कळत नाही’ हे समीकरण इतके सरळ नाही. फ्लॅटवाउंडमध्ये वरचा चकाकणारा भाग कमी असतो, पण त्यामुळे बोटांचे घासणे नसते आणि मधला भाग भरीव राहतो. फोममुळे स्वर आखूड होतो, आणि दोन स्वरांमध्ये जी शांतता मिळते तिच्यामुळे पुढचा स्वर उठून दिसतो. गढूळपणा हा अनेकदा स्वर लांबत राहिल्याने होतो.

ताराबदलू

जेमर्सन यांच्या काळी समूहात दोन विकृत (डिस्टॉर्शनच्या) नादाच्या गिटारी नव्हत्या. मोठ्या आवाजाच्या गिटारांपुढे फ्लॅटवाउंड कमी पडतात म्हणूनच तर ‘द हू’ या रॉक समूहाचे बेसवादक जॉन एंटविसल यांनी १९६६ च्या सुमारास रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीसोबत बसून पियानोसारख्या खणखणीत राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या. कोणती तार चांगली, याचे उत्तर शेजारी कोण काय वाजवतो यावर अवलंबून असते.

फ्लॅटवाउंडवाला

हे मला मान्य आहे. तरीही एक भेद करावा: फ्लॅटवाउंड तार जुनी होताना मऊ आणि गोल होत जाते, तर राउंडवाउंड तार जुनी होताना नुसती निस्तेज होते. धागाकर्त्याची तार दुसऱ्या प्रकारची आहे, त्यामुळे त्यांनी ती बदलावी, यावर आपले एकमत आहे.

मंद्रसाधक

काल त्याच जाडीच्या नव्या निकेलच्या तारा चढवल्या आणि अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवला. खोलीची रुंदी मोजली, ती ४.१ मीटर भरली! मधला पट्टा मध्यावर आणल्यावर पहिली दहा मिनिटे नाद अगदी कुरूप वाटला, पण ड्रम सुरू होताच तो कुरूपपणा कुठे गेला ते कळले नाही. स्वर आता कळतात.

दोन गोष्टी मात्र उरल्या आहेत. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना नाद मध्ये खोलगट राहतो. एक व्हॉल्यूम किंचित कमी केला की तो पुढे येतो, पण त्याबरोबर घुं असा बारीक आवाजही सुरू होतो. शिवाय घरी संगणकाच्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या मागच्या लाइन जोडणीत गिटार लावली की सारी चकाकी जाते. नव्या तारांचाही उपयोग होत नाही.

कथील

दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत आणि यंत्रात काही बिघाड नाही.

जॅझ बेस १९६० साली आला तेव्हापासून त्याची खासियतच ही आहे की एकाच तारेकडे दोन पिकअप दोन वेगळ्या जागांवरून पाहतात. तारेवर ज्या कंपनात एका पिकअपवर तार वर जाते आणि दुसऱ्यावर खाली, ते कंपन बेरजेत कापले जाते, आणि हे मुख्यतः मधल्या पट्ट्यात घडते. म्हणून दोन्ही समान असताना नाद खोलगट होतो. एक जरा उतरवला की कापाकापी अपुरी राहते आणि मधला भाग परत येतो. आता घुं आवाजाकडे पाहू. या दोन पिकअपच्या गुंडाळीची दिशा आणि चुंबकांचे ध्रुव परस्परांच्या उलट ठेवलेले असतात, त्यामुळे तारेचा नाद जुळून येतो, पण आसपासच्या विद्युत उपकरणांतून येणारी घुंघुं एकमेकांना मारते. ही मारामारी बरोबरीची असेल तोवरच पूर्ण असते. एक व्हॉल्यूम उतरवला की एक पक्ष दुबळा होतो आणि उरलेली घुंघुं ऐकू येते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर ब्रिजची जमिनीची जोडणी (अर्थिंग) ठीक आहे असे समजावे. पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती व्यवस्थित जोडली तर काही आवाज कमी होतो, पण सिंगल कॉइल पिकअप चुंबकीय मार्गाने जे पकडतो ते पट्टीने थांबत नाही. समूहात वाजवताना मी ती किंचित घुं सरळ स्वीकारतो; ध्वनिमुद्रणात दोन्ही पिकअप समान ठेवतो किंवा दिव्यांपासून आणि पडद्यापासून दूर वळून बसतो.

लाइन जोडणीचा दोष वेगळा आहे. बॅटरी नसलेल्या पिकअपला समोरून मोठा विद्युतरोध हवा असतो, साधारण १ मेगाओहम. लाइन जोडणीचा रोध बहुधा १० किलोओहमच्या घरात असतो. त्या ओझ्याखाली पिकअप दबतो आणि पहिल्यांदा वरचे उपस्वर सोडून देतो. यंत्राच्या पुढच्या बाजूला वाद्यासाठी वेगळी जोडणी असेल तर ती वापरावी, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (पिकअपला मोठा रोध देऊन पुढच्या जोडणीशी जुळवणारी पेटी) घ्यावा. केबलची लांबीही याच हिशोबात येते. मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते. ३ मीटरची केबल आणि १० मीटरची केबल यांत फरक ऐकू येतो, लांब केबलने वरचा भाग मंद होतो. ज्यांना तसा मंद नाद आवडतो त्यांच्यासाठी ती उणीवही नाही.

आता ज्या गोष्टीला एक पैसा लागत नाही ती सांगतो: पिकअपची उंची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि चुंबक यांतील अंतर पाहावे. २ ते ३ मिलिमीटर ही सुरुवातीची जागा समजावी, जाड तारेच्या बाजूला थोडे जास्त. फार जवळ आणल्यास आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढतात, आस कमी होते आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो. मागचा पिकअप पुढच्यापेक्षा जरा जवळ ठेवावा, कारण ब्रिजजवळ तार कमी हलते आणि तिथला आवाज मुळातच लहान असतो. एकेक पाव फेरी फिरवावी, वाजवावे, ऐकावे. नवे पिकअप घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी जुन्यांचे स्क्रू कधी फिरवलेच नव्हते, याची मोजदाद कोणी केली तर मी ती उत्सुकतेने वाचेन.

जवारी

उंचीचा विषय निघाला म्हणून तारांच्या उंचीविषयीही लिहितो. तानपुऱ्याची जवारी लावताना जो विचार असतो, त्याच्या उलटा विचार इथे करावा लागतो: तिथे तारेचा घोडीला होणारा स्पर्श हवा असतो, इथे फ्रेटला होणारा स्पर्श आपल्याला हवा तेवढाच असावा.

पहिला फ्रेट आणि नेक जिथे धडाला मिळतो तो फ्रेट, अशा दोन्ही ठिकाणी तार दाबली, की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली सुमारे ०.३ मिलिमीटरची फट दिसावी. फट मुळीच नसेल तर नेक सरळ किंवा उलटा वाकलेला आहे आणि खालचे फ्रेट झणझणतील. ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये, आणि फिरवण्यास फार जोर लागला तर थांबून कारागिराकडे जावे. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारांची उंची २ ते २.५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवून पाहावी. उजवाहात यांनी सांगितलेला हलका हात असेल तर खालची मर्यादा चालते. सर्वांत शेवटी बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच उपस्वर ट्यूनरवर जुळवावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरील तारेचा टेकू) मागे घ्यावे, उतरलेला असेल तर पुढे आणावे. बेस थोडा जरी बेसूर असला तरी ऐकणाऱ्याला तो बेसूर न वाटता गढूळ वाटतो, आणि मग बिचारा वादक इक्वलायझरशी झगडत बसतो.

जी च्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझत असेल तर घाबरू नये. अनेक बेस गिटारींच्या नेकमध्ये असा निर्जीव बिंदू असतो. नेक त्या कंपनाला स्वतःच डोलतो आणि तारेची शक्ती शोषून घेतो. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाला) छोटा वजनदार चिमटा लावला की तो बिंदू सरकतो.

शिसवी

धडाच्या लाकडाचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते.

कथील

वरच्या साऱ्या गोष्टी जागेवर आल्यानंतर जो फरक उरेल त्यात लाकूड शोधावे. मला अजून सापडले नाही, पण माझा कान शेवटचा शब्द नव्हे.

खर्जप्रेमी

कॉम्प्रेसरविषयी (लहान-मोठ्या आवाजांतील फरक कमी करणाऱ्या उपकरणाविषयी) दोनच वाक्ये. हात समान चालत नसेल तर कॉम्प्रेसर ती असमानता झाकतो खरा, पण त्याचा आघातकाळ (आवाज दाबायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ) फार कमी ठेवला तर तो स्वराचा आरंभच गिळतो आणि धागाकर्त्याची मूळ तक्रार पुन्हा उभी राहते. म्हणून ४ ला १ च्या आसपासचे प्रमाण आणि २० ते ३० मिलिसेकंदांचा आघातकाळ ठेवून सुरुवात करावी. हात सुधारेपर्यंत तो घेऊच नये, असे माझे वैयक्तिक मत आहे.

मंद्रसाधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

नेकमध्ये फट अजिबात नव्हती. ट्रस रॉड दोन दिवसांत मिळून पाव फेरीहून थोडा कमी सैल केला आणि खालच्या तीन फ्रेटवरची झणझण गेली. ए तारेचे सॅडल बरेच मागे घ्यावे लागले. मागचा पिकअप दीड फेरी वर आणला, पुढचा अर्धी फेरी खाली नेला. आता दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतानाही नाद पूर्वीइतका खोलगट वाटत नाही आणि घुं आवाज जवळपास नाही. टोनचा नॉब निम्म्यावर आणून अंगठा मागच्या पिकअपवर ठेवला की एक वेगळाच, बोलल्यासारखा नाद मिळतो. दोन वर्षांत मी तो नॉब कधी हलवलाच नव्हता. लाइनऐवजी वाद्याच्या जोडणीत गिटार लावल्यावर ध्वनिमुद्रणातही चकाकी परत आली आहे.

हलका हात अजून साधलेला नाही. गाणे चढले की जोर आपोआप वाढतो. दोन्ही गिटारवादकांना मी खालचा पट्टा थोडा उतरवण्याची विनंती केली. एकाने लगेच मान्य केली, दुसऱ्याने एकट्याने वाजवून पाहिले आणि ‘नाद पातळ झाला’ म्हणून तक्रार केली. त्याला मी हा धागा वाचायला दिला आहे.

पिकअप बदलण्याचा विचार सोडला. तूर्तास एकच अडचण आहे: दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी गेले सहा महिने एक स्वर चुकीचा वाजवत होतो, हे काल पहिल्यांदाच सर्वांच्या लक्षात आले.